काढ्याने कावीळ होते का?

समजा, तुमच्या शेजारच्या काकूंना कावीळ झाली.

काकू सत्तावन्न वर्षांच्या. धडधाकट बाई. पहाटे उठून गोठा झाडणाऱ्या, दोन घागरी एका दमात आणणाऱ्या. पण गेले आठ दिवस त्यांची अन्नावर वासना नाही. भाकरी पाहिली की मळमळते. लघवी कोऱ्या चहासारखी गर्द होते. आणि आज सकाळी सुनेने पाहिले, तर काकूंच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा!

घरात लगेच बोलणी सुरू झाली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, दीड महिना तुम्ही तो गुळवेलीचा काढा पिताय. त्यानंच झालं हे."

म्हाताऱ्या सासूबाई रागावल्या. "काहीतरीच तुझं! झाडपाला तो. आमच्या चार पिढ्यांनी घेतला. झाडपाल्यानं कधी कुणाला काही होतं का?"

तेवढ्यात शेजारी आले. ते म्हणाले, "पावसाळ्याचे दिवस आहेत. नळाला गढूळ पाणी येतंय. पाण्यानं झालं असणार."

तिघांनीही छातीठोकपणे सांगितले. कदाचित तिघांपैकी एकाचे खरेही असेल. पण कोणाचे? ते या घटकेला कोणीच सांगू शकत नाही. दीर नाही, सासूबाई नाहीत, आणि मोठा डॉक्टरही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी चौकशी हवी कशाला? कावीळ झाली, औषध द्या म्हणजे झाले. पण तसे नाही. समजा, दोष काढ्याचा आहे, आणि सासूबाईंचे ऐकून काकू तो रोज पीत राहिल्या. मग यकृत अधिकच बिघडेल. जिवावरही बेतेल. आता उलट समजा. दोष पाण्याचा आहे, आणि दिरांचे ऐकून सगळ्यांनी काढ्यालाच दोषी धरले. मग काढा बंद होईल, पण पाणी तेच राहील. काकूंची सून सहा महिन्यांची गरोदर आहे. पाण्यातून येणारी एक कावीळ गरोदर बाईला फार घातक असते. म्हणजे चूक इकडे झाली तर काकूंचा जीव धोक्यात, तिकडे झाली तर सुनेचा.

म्हणून चौकशी नीट झाली पाहिजे. ती कशी करतात, तेच या पाठात पाहू.

यकृत म्हणजे काय?

उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली हात ठेवा. तिथे आत यकृत आहे. कोणी त्याला लिव्हर म्हणतात. बकऱ्याची कलेजी तुम्ही पाहिली असेल, तोच हा अवयव. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते.

पूर्वी गावाच्या वेशीवर जकातनाका असे. येणारी प्रत्येक गाडी तिथे थांबायची. माल तपासल्यावाचून आत जायचा नाही. यकृताचे काम काहीसे तसेच आहे. आपण जे खातो-पितो ते आतड्यातून रक्तात जाते, आणि ते रक्त आधी यकृतात येते. भाकरीचा अंश येतो, दारूचा येतो, डॉक्टरांच्या गोळीचा येतो आणि काढ्याचाही येतो. यकृत प्रत्येकाची मोडतोड करून त्याला मार्गी लावते. हा अंश दुकानातल्या गोळीचा आहे की बांधावरच्या वेलीचा, हे यकृत पाहत नाही. झाडाच्या रसातही अनेक रसायने असतात. काही गुणकारी, काही निरुपद्रवी, काही विषारी. धोतराही झाडच आहे, आणि कण्हेरही. त्यांच्या बिया खाव्यात असे कोणी म्हणत नाही. तेव्हा 'झाडपाल्याने काही होत नाही' हे सासूबाईंचे म्हणणे असेच्या असे धरून चालणार नाही.

पण म्हणून दिरांचेच खरे असेही होत नाही, बरे का!

माळ का लांबते?

इथे थोडे आडवळणाने जाऊ. काविळीवर गळ्यात माळ घालण्याची चाल तुम्हाला ठाऊक असेल. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवतात. पहिल्या दिवशी माळ लहान असते. मग ती दिवसेंदिवस लांबत जाते. लोक म्हणतात, कावीळ उतरते आहे. माळ बेंबीपर्यंत आली, की रोगीही बरा झालेला असतो.

यात काय होते? ओली काडी वाळली की बारीक होते. काडी बारीक झाली की गाठ सैल पडते. गाठ सैल पडली की दोरा लांबतो. तीच माळ खुंटीला टांगा, तिथेही लांबेल. खुंटीला काही कावीळ झालेली नसते!

मग रोगी बरा कसा होतो? पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक लोकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. त्या काळात गळ्यात माळ असेल तर श्रेय माळेला. नाकात थेंब टाकले असतील तर श्रेय थेंबांना.

आता नीट पाहा. 'माळ घातली, नंतर बरे वाटले, म्हणून माळेने बरे वाटले' ही एक समजूत. 'काढा घेतला, नंतर कावीळ झाली, म्हणून काढ्याने कावीळ झाली' ही दुसरी. दोन्ही एकाच साच्यातल्या. एक गोष्ट आधी झाली, दुसरी नंतर झाली, एवढ्यावरून पहिलीने दुसरी घडवली असे ठरत नाही. माळेला फुकटचे श्रेय मिळते, तसा काढ्याला फुकटचा दोषही लागू शकतो.

दवाखान्यात

दुपारी दीर काकूंना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिले, रक्त काढायला सांगितले. मग विचारले,

"काकू, काही औषध चालू आहे का?"

"ब्लडप्रेशरची गोळी आहे बाई. आठ वर्षं झाली."

"दुसरं काही?"

"दुसरं काही नाही."

दीर काही बोलणार, तोच काकूंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिले. पण बाईंच्या ते ध्यानात आले. त्या हसून म्हणाल्या, "काकू, मी रागावणार नाही. घरचं काही घेता का? काढा, चूर्ण, कुणी दिलेली पुडी?"

"ते होय! ते औषध नव्हे हो. नुसता काढा."

'नुसता काढा.' हे दोन शब्द डॉक्टरांना रोज ऐकू येतात. काढा, चूर्ण, आसव, ताकदीची भुकटी, यांना लोक औषध समजत नाहीत. म्हणून विचारले तरी सांगत नाहीत. कोणाला वाटते, डॉक्टर हसतील. कोणाला वाटते, रागावतील. आणि इथेच पुष्कळदा चौकशीचा धागा तुटतो. जे सांगितलेच नाही, त्याचा शोध घ्यायचा कसा?

बाईंनी कागद पुढे ओढला आणि एकेक प्रश्न विचारू लागल्या. काढा कधी सुरू केला? काकूंना तारीख आठवेना. पण नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू केला, एवढे पक्के आठवले. बाईंनी दिवस मोजले. त्रास सुरू झाला तो बेचाळिसाव्या दिवशी. रोज किती? एक फुलपात्र भरून, सकाळी उपाशीपोटी. वेल कुठली? बांधावरच्या लिंबावर चढलेली. त्यात आणखी काही घालत होता का? सुंठ, मिरी. दारू? काकूंनी पदर तोंडाला लावला. घरात आणखी कुणाला कावीळ? नाही. गावात? दोघांना झाल्याचे ऐकले आहे.

शेवटचे उत्तर ऐकताच बाईंनी मान वर केली आणि विचारले, "घरात कुणी गरोदर आहे का?" सून आहे म्हटल्यावर त्यांनी दिरांना बजावले, "आजपासून घरात उकळलेलंच पाणी प्यायचं. तपासणीची वाट पाहू नका. आणि काकू, काढा आजपासून बंद."

"म्हणजे काढ्यानंच झालं ना?" दिरांनी विचारले.

"तसं मी म्हटलं नाही. संशय आहे म्हणून बंद. पाण्याचाही संशय आहे म्हणून पाणी उकळा. कोण खरा, ते पुढं बघू."

गुण देण्याची रीत

शाळेत मुलांना गुण देतात ना? तसेच गुण इथेही देतात. ही रीत १९९३ साली दानां आणि बेनिशू या तज्ज्ञांनी छापून प्रसिद्ध केली. २०१६ साली दानां आणि जर्मनीचे डॉक्टर टेश्के यांनी ती सुधारली. जगभरचे डॉक्टर ती वापरतात. गोळीवर संशय असो की काढ्यावर, माप एकच.

काकूंच्या रक्तात एस.जी.पी.टी. नावाचा पदार्थ ११२० निघाला. नेहमी तो ४०च्या आसपास किंवा कमी असतो. हा पदार्थ यकृताच्या पेशींमध्ये असतो. कणगी फुटली की धान्य बाहेर सांडते, तशा पेशी फुटल्या की हा पदार्थ रक्तात सांडतो. म्हणजे काकूंच्या यकृताच्या पुष्कळ पेशी फुटल्या होत्या, हे नक्की. कशाने फुटल्या, ते मात्र हा आकडा सांगत नाही.

पहिला प्रश्न वेळेचा. औषध सुरू केल्यापासून ५ ते ९० दिवसांत त्रास सुरू झाला, तर २ गुण. काकूंचा बेचाळिसावा दिवस, म्हणून २ गुण. काढा सुरू करण्याच्या आधीच डोळे पिवळे असते, तर चौकशी तिथेच संपली असती. हे आपल्याला साधे वाटते. पण लोक काढा घेऊ लागतात ते बरे वाटत नाही म्हणूनच. अंगात आजार आधीच शिरलेला असतो, आणि नाव पुढे काढ्याचे होते.

दुसरा प्रश्न, औषध बंद केल्यावर काय झाले? हा प्रश्न फार मोलाचा. आठ दिवसांनी काकूंचे एस.जी.पी.टी. ७६० झाले. सव्वीस दिवसांनी २१० झाले. नेहमीच्या पातळीच्या वर जेवढे चढले होते, त्याच्या निम्म्याने आठ दिवसांत उतरले असते तर ३ गुण मिळाले असते. ते महिन्याच्या आत उतरले, म्हणून २ गुण. पण इथे माळेची गोष्ट विसरू नका. पाण्याची कावीळही आपोआप उतरतेच. तेव्हा नुसत्या या गुणांवर भरवसा ठेवून चालत नाही.

वय पंचावन्नच्या पुढे, म्हणून १ गुण. दारू नाही, तिथे शून्य. दुसरे औषध नुकतेच सुरू केले असते, तर संशय वाटला गेला असता आणि गुण कापले गेले असते. काकूंची ब्लडप्रेशरची गोळी आठ वर्षे जुनी. तिच्यासाठी गुण कापायचे कारण नव्हते. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे पूर्वी डॉक्टरांनी लिहिले आहे का? लिहिले आहे. म्हणून १ गुण. ती हकिगत पुढे येईलच.

आता सर्वांत कष्टाचा प्रश्न. दुसरे कारण आहे का? यासाठी बाईंनी काविळीच्या चार विषाणूंची तपासणी करवली. त्यांना ए, बी, सी आणि ई अशी नावे आहेत. ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात. बी आणि सी रक्तातून, दूषित सुईतून येतात. सोनोग्राफी करून पित्ताच्या नळीत खडा नाही ना, तेही पाहिले. आणखीही काही तपासण्या केल्या. या सगळ्याला पैसे लागतात, दिवस लागतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी हा भाग अर्धवट राहतो. माझ्या मते घाईने दिलेले बरेचसे निकाल इथेच कच्चे ठरतात.

अर्धवट राहिले तर काय होते, त्याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे ३१८ रुग्णांना औषधाने यकृताला इजा झाली असा डॉक्टरांचा संशय होता. त्यांचे जपून ठेवलेले रक्त पुन्हा तपासले. २०११ साली निकाल छापला. ३१८ पैकी ९ जणांच्या रक्तात ई विषाणूच्या ताज्या लागणीची खूण निघाली. म्हणजे ज्या औषधांवर आळ आला होता, त्यांतली काही निर्दोष असण्याचा संभव होता. अमेरिकेत ही कावीळ आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ कमी दिसते. आपल्याकडे पावसाळ्यात ती नेहमीची. मग आपण ही तपासणी टाळून कसे चालेल?

काकूंच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या निघाल्या. ए नाही, बी नाही, सी नाही, ई नाही. खडा नाही. म्हणून २ गुण.

आता बेरीज करू. वेळेचे २, उतरण्याचे २, वयाचा १, पूर्वीच्या नोंदीचा १, दुसरे कारण नाही याचे २. एकूण ८. या रीतीत शून्य किंवा त्याहून कमी गुण पडले तर औषध सुटले. १-२ म्हणजे संभव कमी. ३ ते ५ म्हणजे असू शकेल. ६ ते ८ म्हणजे बहुधा तेच. ९ किंवा जास्त म्हणजे जवळजवळ नक्की. काकूंच्या बाबतीत उत्तर आले, 'बहुधा काढाच.'

आणि ई विषाणू सापडला असता तर? २ गुण मिळण्याऐवजी ३ कापले गेले असते. आठाचे तीन झाले असते. तोच काढा, तीच बाई, तेच बेचाळीस दिवस. पण एका तपासणीने निकाल फिरला असता. गुणांची बेरीज म्हणजे काही कोर्टाचा हुकूम नव्हे. पण तिच्यामुळे एक होते. कोणताही प्रश्न विचारायचा राहत नाही.

मुंबईची हकिगत

काकूंची गोष्ट आपण समजण्यासाठी रचली. आता घडलेली हकिगत ऐका.

२०२० साली कोरोनाची साथ आली. लोक घाबरले. अंगातली शक्ती वाढावी म्हणून घरोघर काढे उकळू लागले. त्यांत गुळवेलीला मोठा मान. संस्कृतात तिला अमृता म्हणतात, हिंदीत गिलोय. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. डॉक्टरांनी ही माहिती २०२१ साली वैद्यकीय मासिकात छापली.

मग वाद पेटला. सरकारच्या आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये पत्रक काढले. त्यांचे म्हणणे असे की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती डॉक्टरांनी तपासली नाही. गुळवेलीच्या जातीच्या दुसऱ्या वेली असतात. त्यांतली एक यकृताला अपायकारक असू शकते. लोकांनी तीच चुकून घेतली नसेल कशावरून? खरी गुळवेल सुरक्षित आहे, असे मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा सांगितले.

मंत्रालयाने काढलेली शंका वावगी नव्हती. वेल ओळखण्यात चूक होते. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर चामखिळीसारखे पुष्कळ फोड असतात. पाने मात्र दोन्हींची पिंपळपानासारखीच, हृदयाच्या आकाराची. वाळवून भुकटी केल्यावर तर ओळखणे कठीणच. म्हणून संशय आला की ती वेल, ती पुडी, ती बाटली घेऊनच दवाखान्यात जावे. नुसते नाव सांगू नये.

पण प्रकरण सहा रुग्णांवर थांबले नाही. देशातल्या तेरा केंद्रांतल्या डॉक्टरांनी माहिती एकत्र केली. २०२२ साली त्यांनी ४३ रुग्णांची हकिगत छापली. त्यांनीही वर सांगितलेली गुणांची रीत वापरली. काढा सुरू केल्यापासून त्रास होईपर्यंतचा मधला काळ ४६ दिवसांचा निघाला. बऱ्याच जणांच्या यकृताला आधीचाच जुना आजार होता, आणि तो एकाएकी वाढला. काहींच्या बाबतीत असे दिसले, की शरीराची पहारेकरी शक्ती आपल्याच यकृतावर उलटली होती. ही शक्ती वाढावी म्हणूनच तर लोक काढा पीत होते!

लाखो लोकांनी त्या काळात गुळवेल घेतली. बहुतेकांना काही झाले नाही. हेही तितकेच खरे आहे. म्हणून 'गुळवेल म्हणजे विष' असे कोणी म्हणू लागले, तर ते मानू नका.

मलाच का?

काकूंनी हेच विचारले. "बाई, घरात सगळ्यांनीच घेतला. सासूबाई नव्वदीच्या, त्या ठणठणीत. मग मलाच का?"

एकच शेंगदाणा सगळे खातात. एखाद्यालाच अंगावर गांधी उठतात. तसेच हे. हळदीचे उदाहरण घ्या. आपण रोज भाजीत हळद घालतो. तिची भीती नको. पण हल्ली हळदीतला अर्क काढून त्याच्या गोळ्या विकतात. त्या अंगात जास्त मुराव्यात म्हणून काहींमध्ये मिऱ्याचा अर्कही घालतात. अमेरिकेत अशा गोळ्या घेणाऱ्या दहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी २०२२ साली प्रसिद्ध केले. त्यांतला एक रुग्ण दगावला. दहांपैकी सात जणांच्या रक्तात जन्मतः असलेली एकच विशिष्ट खूण सापडली. आईबापांकडून आलेली ती खूण. म्हणजे दोष नुसता पदार्थाचा नाही. पदार्थ, त्याचे प्रमाण आणि घेणाऱ्याची घडण, तिन्ही जमून आले की घात होतो.

याच्या उलटही विषारी वनस्पती असतात. त्या माणूस पाहत नाहीत. जो खाईल त्याला बाधतात. १९७०च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात असेच झाले. तेव्हा तो मध्यप्रदेशात होता, आता छत्तीसगडमध्ये आहे. तिथले गरीब लोक एक बारीक भरड धान्य खात. त्या पिकात एक तण माजले. आपल्याकडे ज्याला खुळखुळा किंवा घागरी म्हणतात, त्याच कुळातले. वाळलेली शेंग हलवली की आत बिया खुळखुळ वाजतात, मुले तिच्याशी खेळतात. त्या बिया धान्यात मिसळल्या. माणसांची पोटे पाण्याने फुगू लागली. यकृतातल्या बारीक शिरा बंद पडल्या होत्या. ६७ माणसे आजारी पडली, त्यांतली २८ दगावली. डॉक्टरांनी धान्य चाळून, बिया वेगळ्या काढून, त्यांतले विष शोधले. १९७६ साली ती हकिगत छापून आली. तिथे कोणी काढा घेतला नव्हता. रोजचे अन्नच घेतले होते. पण शोध लागला, कारण कोणीतरी धान्य हातात घेऊन पाहिले.

बाटलीत काय आहे हे पाहणे किती जरूर आहे, ते बॉस्टनमध्येही दिसले. अमेरिकेतल्या त्या शहरात आणि आसपास दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक औषधे तपासली. १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. अशा वेळी कागदावरची वनस्पती निर्दोष असेल, पण बाटली निर्दोष नसते.

तुम्ही काय कराल?

काढा, चूर्ण किंवा कोणतीही ताकदीची पुडी घेऊ लागलात, तर सुरू केल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. बाटली, वेष्टन, पावती टाकू नका. अन्नावरची वासना गेली, लघवी गर्द झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि उरलेला घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यांना विचारा. रोगी बरळू लागला, भलताच झोपाळू झाला, नाकातून-हिरड्यांतून रक्त आले किंवा पोट फुगले, तर गावात वेळ घालवू नका. मोठे रुग्णालय गाठा. आधीच यकृताचा आजार असेल, तर काढा सुरू करण्यापूर्वीच विचारा.

वैद्यांकडे जात असाल तर त्यांनाही हेच सांगा. चांगला वैद्य कधी रागावत नाही. वेल कोणती, प्रमाण किती, किती दिवस, हे तो तुमच्याआधी विचारतो. भीती असते ती नाव नसलेल्या पुडीची, आणि 'शेजारणीने सांगितले' या औषधाची.

औषधाने अपाय झाल्याचा संशय आला, तर तो सरकारला कळवता येतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा फुकटचा फोन आहे. रुग्णही कळवू शकतो. एका माणसाची तक्रार लहान दिसते. पण मुंबईचे सहा मोजले गेले, म्हणून देशातले त्रेचाळीस मोजले गेले.

दोन महिन्यांनी काकू पुन्हा दवाखान्यात आल्या. डोळे स्वच्छ झाले होते. एस.जी.पी.टी. ३४ होते. सुनेला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. काकूंनी पेढे पुढे केले आणि हळूच विचारले, "बाई, आता थोडा थोडा घेतला तर चालेल का? अर्धं फुलपात्र?"

"नाही काकू. एक थेंबसुद्धा नाही. पुन्हा घेतला आणि पुन्हा कावीळ झाली, तर मला तीन गुण जास्त मिळतील. पण तुमचं यकृत जाईल. असली परीक्षा आपण मुद्दाम घेत नसतो."

"अन् बांधावरची वेल? तोडून टाकू?"

"वेलीनं काय केलंय? राहू दे लिंबावर."

मग बाईंनी काकूंचा केसपेपर घेतला आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'गुळवेल देऊ नये.' खाली तारीख घातली. म्हणाल्या, "कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, वैद्याकडे गेलात, तर आधी हा कागद दाखवायचा. वाचता येतं ना आता?"

काकूंनी कागद हातात घेतला, आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचला.